दारात थांबलेली हातरिक्षा

मित्रांनो, मी एक जुनी हातरिक्षा आहे. कर्जतजवळच्या दहिवलीत एक म्हाताऱ्यांचा बंगला आहे. त्याच्या बाजूच्या पडवीत, जळणाच्या लाकडांना टेकून मी उभी असते. माझा टप फाटला आहे, एका चाकाचे आरे खिळखिळे झाले आहेत आणि गादीतला काथ्या उंदरांनी कधीच नेला आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. म्हातारपण कोणाला चुकलं आहे? मला वाईट वाटतं ते पुढच्या व्हरांड्यातल्या चाकाच्या खुर्च्या पाहून. किती त्यांचा तो थाट! जरा कुठे कुरकुरल्या की लगेच तेलाची बाटली घेऊन माणूस धावतो. आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. जन्माला आले तेव्हापासून हा माझा स्वभाव आहे आणि आता लाकडं मोजत बसण्याच्या वयात तो काही सुधारायचा नाही.

माझा जन्म नेरळच्या एका सुताराच्या अंगणात झाला. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सुताराने सागाचं अंग घडवलं, लोहाराने चाकांना लोखंडी धावा चढवल्या, त्यांवर रबराची पट्टी बसली. लाल कापडाची गादी आली, डोक्यावर मेणकापडाचा टप आला. सुताराच्या बायकोने मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "पोरगी सासरी निघाली." मग चार माणसांनी मला डोंगरावर, माथेरानला चढवलं.

माथेरानला मोटार चालत नाही. तिथे एकतर चालायचं, नाहीतर घोड्यावर बसायचं, नाहीतर आमच्यात बसायचं. मला पुढून ओढायचा कोंडीराम. तो डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतला होता, अंगाने किडमिडीत पण पायाने पक्का. मागून दोघे ढकलायचे. लाल मातीच्या रस्त्यावरून मुंबईच्या जाड्याजाड्या शेठांना घेऊन मी अशी डौलात जायचे की बघणाऱ्याने बघतच राहावं. पण बघत कोण होतं? मुंबईची पोरं गाडीतून उतरली की एकच गिल्ला, "घोडा! घोडा!" घोडा लीद टाकायचा, लाथ झाडायचा, मधेच अडून बसायचा, तरी लाड त्याचेच. गूळ त्याला, चणे त्याला, फोटोही त्याचा. माझा फोटो कोणी काढला असेल तर तो घोड्याच्या मागे मी चुकून आले म्हणून. आणि ती डोंगरातली छोटी आगगाडी! नुसती शिट्टी वाजली की सारा बाजार तिकडे धावायचा. मलाही शिट्टी असती तर मीही दाखवलं असतं.

मला मनापासून बरं म्हणणाऱ्या एकच बाई होत्या. त्यांचं नाव जानकीबाई. त्या कर्जतच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून दर उन्हाळ्यात माथेरानला आल्या की त्या माझ्यातच बसत. चढ आला की म्हणत, "कोंडीराम, थांब रे. एवढा चढ मी उतरून चालते." दुखऱ्या गुडघ्यांनी चालायच्याही. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहिवलीतला आपला बंगला ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी उघडला. त्यांचे यजमान गेले होते, मूलबाळ नव्हतं. कोंडीरामची छातीही तेव्हा चढाला साथ देईनाशी झाली होती. जानकीबाई म्हणाल्या, "तू खाली चल आणि ही गाडीही घेऊन चल. माझ्या माणसांना नदीवर कोण नेणार?"

मला खाली कशी आणली असेल, सांगा बरं? त्या शिट्टीवाल्या आगगाडीच्या मालडब्यात टाकून! जिच्यावर मी जन्मभर जळले, तिच्याच पोटात बसून यावं लागलं. नेरळ येईपर्यंत मी एकदाही कुरकुरले नाही. तिला तेवढंही सुख द्यायचं नव्हतं.

दहिवलीत मात्र माझे दिवस आले. बंगल्यात आठ-दहा म्हातारी माणसं होती. रोज संध्याकाळी एकाची पाळी. कोंडीराम त्याला माझ्यात बसवून नदीवर न्यायचा, थोडा वेळ वारा खाऊ द्यायचा आणि आळीतून फिरवून परत आणायचा. पाळीवरून रोज भांडणं. "काल तुमी गेलात," "माझी पाळी पावसात गेली," असा कलकलाट चाले. ही भांडणं माझ्यावरून होत होती, म्हणून मला ती फार आवडत. कशेळ्याकडच्या ठकूबाई तर दुपारीच काठी घेऊन माझ्या पायदानावर येऊन बसत, कोणी आधी नंबर लावू नये म्हणून.

पण मित्रांनो, आळीत माझी एक वेगळीच ख्याती झाली. नवं माणूस बंगल्यात राहायला यायचं असलं की कोंडीराम त्याला माझ्यातूनच आणायचा. कधी स्टेशनवरून, कधी जवळपासच्या घरातून. माणूस माझ्या गादीवर आणि त्याची गोधडी त्याच्या मांडीवर. त्यामुळे मी ज्या दारात थांबले, त्या घराने आपलं म्हातारं माणूस वाऱ्यावर सोडलं, असा लोकांनी अर्थ लावला. मग बायका मला दारात थांबूच देईनात. कोंडीराम दम खायला टेकला की आतून आवाज यायचा, "कोंडीदादा, जरा फुडं जाऊन थांबव रं!" भागूबाई म्हणून एक होत्या, त्या तर माझी चाकं जिथे टेकली तिथे तांब्याभर पाणी ओतायच्या. कोंडीराम बिचारा दोन घरांच्या मधली जागा शोधून थांबायचा. घोड्याला कोणी असं हाकललं नसतं.

बंगल्याच्या समोरच अनसूयेचं घर. अनसूयेचा नवरा हरी रेल्वेत होता, त्याची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि घरी असला की झोपलेला. मुलगा बाळ्या शिकायला ठाण्याला मामाकडे. घरात राहिली दोन माणसं, अनसूया आणि तिचे सासरे काळूराम. सासूबाई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. शेत अनसूया बघायची, गोठा अनसूया बघायची, सासऱ्यांची सकाळची पेज, दुपारची भाकरी, अंघोळीचं पाणी, सगळं तीच. पण घरात बोलणं नाही. तेव्हाची रीतच तशी होती. सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही आणि सासरा सुनेशी थेट बोलायचा नाही. तहान लागली तर काळूराम भिंतीकडे बघून म्हणायचे, "घोटभर पानी मिळालं तर बरं." अनसूया पाणी ठेवायची आणि आत जायची.

आणि हेच काळूराम दिवस कलला की समोर बंगल्यावर येऊन बसत. तिथे त्यांच्या तोंडाला खळ नसे. आंब्यावरून पडल्याची गोष्ट, बैल हरवल्याची गोष्ट, एका लग्नात नवरदेवच हरवल्याची गोष्ट. म्हातारी माणसं हसून हसून खोकायची. नदीवरून परतून मी पायरीजवळ उभी असे, आणि समोरच्या दारात अनसूया उभी असे. हसू ऐकून तिचा चेहरा कसा होई, ते मला अंधारातही ओळखू आलं असतं. माथेरानला घोड्यापुढे मी तोच चेहरा करून उभी असायची! दिवेलागणीला ती दारातून हाक मारायची. सासऱ्यांना नाही, ते रीतीला धरून नव्हतं. ती कोंडीरामला हाक मारायची, "कोंडीदादा, आमच्या घरात दिवा लागला म्हणावं!" मग काळूराम गोष्ट अर्धी टाकून उठायचे आणि उंबरा ओलांडला की मुके. एकदा ती भागूबाईंना म्हणाली तेही मी ऐकलं. म्हणाली, "घरात मुके, आन् तिकडं रेडिओ. माझ्या हातचं खातात आणि त्यांना ऐकवतात." तेव्हापासून मी मनातून अनसूयेची झाले. जळणाऱ्याचं दुःख जळणाऱ्यालाच कळतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराला बंगला भरून गेला. मुरबाड रस्त्याच्या गावांमधून माणसं यायची आणि जागा नाही म्हणून परत जायची. जानकीबाईंना ते सोसवेना. त्यांनी बारा खोल्या वाढवायचं ठरवलं. मुंबईच्या कोणा दानशूर मंडळींनी खाटा कबूल केल्या, कपाटं कबूल केली, आणि चाकाच्या खुर्च्या कबूल केल्या. चाकाच्या खुर्च्या! हे शब्द माझ्या कानावर पडले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका माणसाने ढकलायच्या, घरातल्या घरात फिरायच्या, वळायला जागा लागत नाही म्हणे. मग माझं काय? मी ठरवलं, ह्या खोल्या होता कामा नयेत.

खोल्यांना जागा हवी होती ती बंगल्याच्या शेजारचं खळं. जमीन काळूरामांची, पण खळं आळीचं. भात कापून झालं की सगळी आळी आपले भारे तिथेच आणून झोडायची, काळूरामांच्या आजोबांपासूनचा तो शिरस्ता. जानकीबाईंनी काळूरामांकडे जागा मागितली. काळूराम म्हणाले, "बघू." एवढंच. आणि त्या एका "बघू"ने आळी पेटली.

मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. जानकीबाईंना घेऊन मी गेले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. पहिल्यांदा बुधाजी उठले. ते आळीतले जुनेजाणते. म्हणाले, "बाई, तुमचं काम पुण्याचं, त्यात वाद नाय. पन विहीर एकच हाय. उन्हाळ्यात तळ दिसतो. आज तुमची धा माणसं, उद्या तीस व्हतील. आमी काय वारा प्यायचा?"

जानकीबाई म्हणाल्या, "आम्ही वेगळी विहीर खणू."

मग भागूबाई. त्यांची मुलगी आवडी लग्नाची होती. त्या म्हणाल्या, "पानी खणाल वो, पन मरण कुठं खणून पुराल? पावणे पोरगी बघायला येतात, आणि समोरून तिरडी निघते. गेल्या साली दोन स्थळं तशीच माघारी गेली."

"भागूबाई, मरण काय तुमच्या घरांत येत नाही?"

"येतं ना. दहा वर्सांत येखादं. तुमच्याकडं तर त्याचा रतीबच लागलाय!"

सगळे हसले. जानकीबाई हसल्या नाहीत. मग बायकांच्या मागून अनसूयेचा आवाज आला. पदर तोंडावर ओढून ती म्हणाली, "खळं गेलं तर भात झोडायचं कुठं, ते सांगा. आणि खोल्या झाल्या की आळीतलं एकेक म्हातारं तिकडं जाऊन बसंल. दार उघडं दिसलं की गाय बी जाते."

पुन्हा हशा पिकला. खांबाला टेकून बसलेले काळूराम मात्र जमिनीकडे बघत राहिले. आळीला वाटलं अनसूया खळ्यासाठी भांडते आहे. मला ठाऊक होतं, खळं हे निमित्त. तिला भीती होती ती बारापैकी एका खोलीची. समोरच्या समोर सासरा गोधडी घेऊन राहायला गेला, तर तिने पंधरा वर्षं केलं ते सगळं मातीत. आळी काय म्हणाली असती, हेही होतंच. पण त्याहून खोल काहीतरी टोचत होतं. आपल्या घरापेक्षा ते घर त्यांना आवडतं, हे. मी तिच्या बाजूने जोरात कुरकुरले, पण रिक्षाचं कुरकुरणं कोण ऐकतो? बैठक काही न ठरता उठली. काळूरामांनी जाताना पुन्हा "बघू" म्हटलं.

त्यानंतर अनसूयेने घरोघर फिरून खोल्यांविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला माणसं तयार केली. कोंडीरामशी बोलणं टाकलं. दिवेलागणीची हाकही बंद झाली. दिवा लागला की ती दारात नुसती कडी वाजवायची. काळूराम उठायचे, पण पहिल्यासारखे चटकन नाहीत. मी खुशीत होते. चाकाच्या खुर्च्या काही येत नाहीत, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग मार्गशीर्षातली ती दुपार आली. खळ्यावर भारे रचलेले होते, झोडणीची गडबड होती. अनसूया वरच्या शेतात भाताच्या पेंढ्या बांधायला गेली होती. काळूराम जेवून बंगल्यावर आले आणि पायरी उतरताना त्यांचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. कोंडीरामने त्यांना उचलून माझ्यात बसवलं. ठकूबाईंनी आपली गोधडी आणून दिली, पाय उंच ठेवायला. रस्ता ओलांडायचा तेवढाच काय तो प्रवास. अनसूयेच्या दाराला बाहेरून कडी होती. कोंडीराम मला दारात टेकवून म्हणाला, "मामा, बसा. तुमची काठी तिकडंच राहिली, ती घेऊन येतो." आणि गेला.

आता तुम्हीच बघा मित्रांनो, चित्र कसं दिसत असेल. मी अनसूयेच्या दारात उभी. माझ्यात काळूराम बसलेले. आणि त्यांच्याजवळ गोधडी. भागूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. "अगो बाई! गाडी लागली गं अनसूयेच्या दारात!" ही बातमी आळीभर व्हायला कितीसा वेळ? खळ्यावरची माणसं हातातले भारे टाकून आली. आणि त्यांच्यामागून, डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेतलेली अनसूया.

तिने मला बघितलं, गोधडी बघितली, आणि डोक्यावरचा भारा तिथेच धाडकन टाकला. काळूरामांनी एका वाक्यात सांगितलं असतं की पाय मुरगळला आहे, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण सांगणार कसं? मधे निरोप सांगायला कोणी नव्हतं. ते घसा खाकरत राहिले आणि भिंतीकडे बघायला लागले. अनसूयेलाही त्यांना थेट विचारता येईना. मग ती तरातरा माझ्यासमोर आली, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि मलाच म्हणाली, "काय गं ए गाडी, सगळी आळी सोडून तुला माझंच दार गावलं?"

माझ्याविषयी बोलणारे पुष्कळ भेटले होते. माझ्याशी बोललेली ही पहिलीच.

"इचार तुझ्यात बसलेल्या माणसाला," ती म्हणाली, "काय कमी पडलं आमच्या घरात? सकाळची पेज कधी चुकली? थंडीत पानी कधी गार दिलं? सासूबाई गेल्या तवापासून करतेय. एक दिवस तरी बरं म्हणाले काय? बरं राहू दे, वाईट तरी म्हणाले काय? सगळं बोलणं, सगळं हसणं तिकडं. आमी काय कान नसलेली माणसं? जायचं व्हतं तर जायचं. पन मी शेतावर गेलेली बघून गोधडी बांधायची, हे शोभतं काय, इचार!"

काळूरामांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला. ते माझ्या दांड्याकडे बघून म्हणाले, "गाडी, सांग तिला, मी कुठं चाललो नाय. पाय मुरगळलाय. गोधडी ठकूबाईची हाय, पायाखाली घ्यायला दिली."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भागूबाईंनी हातातला तांब्या पदराखाली लपवला. दुसरी कोणी असती तर ओशाळून आत पळाली असती. पण अनसूया हलली नाही. एकदा तोंड फुटलं होतं, ते आता मिटणार नव्हतं.

"पायाचं कळलं," ती मला म्हणाली. "पन बाकीचं? बाकीचं काय, ते इचार."

काळूरामांनी पायाखालची गोधडी उगाच सारखी केली. मग म्हणाले, "सांग तिला, पेजेत मीठ कमी असतं."

"कमी?" अनसूयेने मान वर केली आणि सरळ सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. पदर खांद्यावर आला होता, तिचं लक्षच नव्हतं. "आन् हे आज सांगता? पंधरा वर्सांनी?"

"कुणाच्या तोंडून सांगू?" काळूराम म्हणाले. "तुझी सासू व्हती तवा तिला सांगायचो, ती तुला सांगायची. मग बाळ्या व्हता. बाळ्या गेला ठाण्याला. हरी घरात आला की घोरतो. मी भिताडाला किती सांगणार? तिकडं जातो ते एवढ्याचसाठी, तिकडं कोणी माझी सून नाय. ज्याच्याशी वाटंल त्याच्याशी बोलता येतं."

हे बोलताना सुरुवातीला ते माझ्याकडे बघत होते. शेवटी शेवटी तिच्याकडे बघत होते. दोघांनाही ते कळलं नाही, मला कळलं.

एवढ्यात बंगल्यावरून ठकूबाई काठी टेकत टेकत येऊन पोचल्या. मागून, इतका वेळ काठी शोधत बसलेला कोंडीराम. ठकूबाई धापा टाकत म्हणाल्या, "अगं बये, तू कशाला जळतेस? जळायचं तर आमी! दिवा लागला की तू हाक मारायचीस, तवा आमची तोंडं बंद व्हायची. आमच्या कोणाच्या नावानं एक हाक तरी येते काय? काळूभाऊ गोष्ट टाकून उठायचे, आणि आमी म्हणायचो, काय नशीब घेऊन आलाय म्हातारा. आता तू हाकबी बंद केलीस. आमाला ते दुसऱ्याच्या सुखाचंबी ऐकू येईना झालं."

अनसूया मटकन आपल्या पायरीवर बसली. तिने डोळ्यांना पदर लावला, की आधी डोक्यावर घेतला, ते मला नीट दिसलं नाही. मग उठून सरळ सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, उतरा. पाय शेकायला पानी ठेवते."

काळूराम उतरले नाहीत. म्हणाले, "येक इचारायचं व्हतं. त्या खळ्याचं काय करायचं?"

"मला इचारता?"

"मग कुणाला? घर तू चालवतेस. सगळे म्हणतात मी बघू बघू करतो. बघू म्हणजे तुला इचारून सांगतो, असं व्हतं. पन इचारू कसा?"

मी मनात म्हटलं, अनसूये, आता बोल, नाही म्हण. सारी आळी तुझ्या बाजूची आहे, मी तुझ्या बाजूची आहे. अनसूयेने आळीकडे बघितलं, ठकूबाईंच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "खळं नाय द्यायचं. खळं आळीचं हाय. बंगल्याच्या मागं आपली वरकस जमीन पडलीय, तिथं नाचणीबी धड व्हत नाय. ती द्या. नदीची वाट तिकडूनच खाली जाते. तिरडी मागच्या मागं जाईल, भागूबाईंच्या पावण्यांच्या फुडून नाय. पन विहीर आधी खणा म्हणावं, मग खोल्या."

असं माझं माणूस फितूर झालं.

भागूबाईही तेच म्हणाल्या, "फितूर झाली गं ही!" आणि त्यांनी अनसूयेशी बोलणं टाकलं. ते आवडीच्या लग्नापर्यंत टाकलेलंच होतं. बुधाजींनी नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत कुरकुर केली. गावकीचं असंच असतं, सगळे एकदम राजी कधी होत नाहीत. पण विहीर झाली आणि पुढल्या दिवाळीपर्यंत मागच्या वरकस जमिनीवर बारा खोल्याही उभ्या राहिल्या. मुंबईहून टेंपो आला. त्यातून चाकाच्या खुर्च्या उतरल्या. सगळी म्हातारी माणसं त्यांच्याभोवती जमली आणि "मला बसू दे, मला बसू दे" म्हणून भांडू लागली. ठकूबाईसुद्धा! कोंडीराम थोड्या दिवसांनी आपल्या वाडीला राहायला गेला. मला पडवीत ढकललं, ती मी अजून तिथेच आहे.

पण मित्रांनो, खरं सांगू? खुर्च्यांवर मी जळते ते सवयीने. माझा खरा हेवा वेगळाच आहे. त्या दुपारी जन्मात पहिल्यांदा दोन माणसं माझ्याशी बोलली. घोड्याशी सगळेच बोलतात, पण त्याला कोणी निरोप सांगत नाही. मला सांगितला. पंधरा वर्षांचं साचलेलं माझ्यामधून इकडचं तिकडे गेलं. मला वाटलं, आता ही दोघं रोज मला दारात बोलावतील आणि मी मधे उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगेन. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून दोघं समोरासमोर बोलायला लागली. आधी अडखळत, मग भांडत. "आज खारट झाली गं." "काल अळणी म्हणालात!" काळूराम पुढे बरीच वर्षं जगले, आणि आपल्या घरातच गेले. शेवटी शेवटी तर अनसूयाच दारात बसून तक्रार करायची, "कान किटले बाई माझे." आणि हे म्हणताना इतकी हसायची की मी पडवीत ऐकून जळून खाक व्हायचे. त्यांना माझी गरजच उरली नव्हती.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस भिंतीकडे बघून पाणी मागत असेल, तर पाणी द्या, पण ठेवून निघून जाऊ नका. समोर बसा. काय हवं, काय नको, ते त्यांनाच विचारा. वाईट म्हणाले तरी ऐका. आमच्यासारख्या लाकडांना मधे घालू नका. तसं केलंत, तर मी कुठल्याही पडवीत असले तरी मला तुमच्या घरातलं बोलणं ऐकू येईल आणि तुमचा फार फार हेवा वाटेल. वाटू द्या.